आजीचे वडील येरवड्यात डेप्युटी जेलर होते : कुलवृत्तांतातल्या एका ओळीचा मागोवा

रानजाई (धागालेखिका)

माझ्या आजीचे वडील मुंबई इलाख्याच्या तुरुंगखात्यात नोकरीला होते. आजीच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे आणि त्यात त्यांच्याविषयी एवढेच छापले आहे : "तुरुंगखात्यात जेलर. येरवडा, विसापूर येथे नोकरी. स्वभाव कडक. पेन्शनर." त्याच पानावर त्यांच्या धाकट्या भावाला, जो तालुक्याच्या गावी शाळामास्तर होता, तेरा ओळी मिळाल्या आहेत. त्याने लावलेल्या आंब्याच्या कलमांचाही त्यात उल्लेख आहे. थोरल्या भावाला मात्र चार तुटक वाक्ये. कुलवृत्तांत निघाला तो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात, तेव्हा ही काटकसर का झाली असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

आजीचा जन्म १९२३चा. तिचे बालपण तुरुंगाच्या क्वार्टर्समध्ये गेले. ती त्याविषयी फारसे बोलत नसे, पण दोन गोष्टी तिने मला अनेकदा सांगितल्या. पहिली, रात्री तासातासाला पडणाऱ्या टोलांची. लग्न होऊन सासरी आल्यावर पहिले कित्येक महिने ते टोल ऐकू येईनात म्हणून तिला झोप लागत नसे. दुसरी गोष्ट अशी की, "सोलापूरच्या चौघांना फाशी दिली, त्या वर्षी आमच्या घरी तिळगूळ झाला नाही. बाबांचे जेवणात लक्ष नव्हते."

सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. संक्रांत दोन दिवसांवर होती. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगाच्या भिंतींच्या आत होते, कारण मे १९३०मध्ये त्यांना अटक करून तेथे आणले होते आणि त्यांची सुटका २६ जानेवारी १९३१ रोजी झाली. आजीच्या वाक्यावरून आमच्या घरात एक समजूत पक्की झाली की तिचे वडील त्या पहाटे फाशीच्या जागी कामावर हजर होते. ही समजूत कोणी उघड बोलून दाखवली नाही, पण तिचा भार सगळ्यांनी वाहिला. आम्ही सोलापूरला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो तेव्हा हुतात्मा चौकात माझे वडील रिक्षातून उतरले, चारही पुतळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले आणि नंतर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

आता कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि आजीच्या माहेरच्या मंडळींनी या गृहस्थांची नोंद लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. हाताशी काय आहे ते सांगते. एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत जन्मपत्रिका, काही इंग्रजी सरकारी कागद, पेन्शनचे पुस्तक आणि तुरुंगाच्या फाटकासमोर काढलेले कर्मचाऱ्यांचे एक सामूहिक छायाचित्र आहे. छायाचित्रात दुसऱ्या रांगेत, चष्मा लावलेले, फेटा बांधलेले ते उभे आहेत. मला त्यांचा बचाव करायचा नाही आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करायचे नाही. ते कोठे, केव्हा, कोणत्या हुद्द्यावर होते हे मला खरेपणाने लिहायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

दप्तरदार

रानजाई, आधी हुद्द्याचे बोलू, कारण तुरुंगखात्यातल्या पूर्वजांच्या शोधात बहुतेक कुटुंबे येथेच वाट चुकतात. घरात सर्रास "जेलर" किंवा "जेल सुपरिंटेंडेंट" म्हटले जाते. प्रत्यक्षात मध्यवर्ती तुरुंगाचा सुपरिंटेंडेंट त्या काळात बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा लष्करी पदवीचा डॉक्टर असे, म्हणूनच जुन्या कागदांत तुरुंगाचे प्रमुख मेजर आणि कर्नल म्हणून भेटतात. त्याच्या हाताखाली जेलर, मग डेप्युटी जेलर, असिस्टंट जेलर, कारकून, जमादार, वॉर्डर. सगळ्यांत खाली, पण प्रत्यक्ष बरॅकमध्ये सर्वांत अधिक सत्ता गाजवणारे, खुद्द कैद्यांमधून नेमलेले मुकादम आणि वॉर्डर. गांधीजींनी १९२२ ते १९२४ या काळातल्या येरवड्याच्या अनुभवांत आदन नावाच्या सोमाली कैदी-वॉर्डरविषयी फार आपुलकीने लिहिले आहे, तो याच वर्गातला. कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२०च्या तुरुंग समितीने या कैदी-अधिकाऱ्यांच्या पद्धतीवर सविस्तर टीका केली होती.

याचा आपल्या शोधाशी संबंध असा की सुपरिंटेंडेंटची नेमणूक, रजा आणि बदली मुंबई सरकारच्या राजपत्रात छापली जाई, डेप्युटी जेलरची बहुधा छापली जात नसे. त्यामुळे राजपत्रात नाव सापडले नाही म्हणून निराश होऊ नका. तुरुंगांचे जुने कागद न्याय खात्याच्या खंडांत बांधलेले असतात, नंतरचे गृह खात्याकडे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे राज्य पुराभिलेखागार आहे, तेथे खात्यांच्या वर्षवार सूच्या पाहाव्या लागतील. इलाखा तेव्हा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता, आणि तुरुंगखात्यातला माणूस साबरमती, हैदराबाद सिंध, हिंडलगा यांपैकी कोठेही जाऊ शके. म्हणून "येरवडा, विसापूर" एवढ्यावर विसंबू नका. ही त्यांची शेवटची किंवा घरच्यांच्या लक्षात राहिलेली ठिकाणे असतील.

नावाची दुसरी अडचण. सरकारी याद्यांत आपल्या माणसांची नावे पुष्कळदा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावरच संपतात, आडनाव नसतेच. असले तर त्याचे इंग्रजी हिज्जे एकाच कचेरीत तीन तऱ्हांनी केलेले आढळतात. सूची पाहताना आडनावाखाली सापडले नाही तर पहिल्या नावाखाली शोधा. मी स्वतः एका संशोधकाला मदत करताना दोन महिने चुकीच्या अक्षराखाली शोधत होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ट्रंकेतल्या इंग्रजी कागदांपैकी एकही चिटोरा क्षुल्लक समजून बाजूला टाकू नका. १८९४च्या तुरुंग कायद्यात जेलरवर असे बंधन होते की त्याने तुरुंगातच राहावे, आणि सुपरिंटेंडेंटच्या लेखी परवानगीवाचून एक रात्रही तुरुंगाबाहेर काढू नये. डेप्युटी जेलर नेमला असेल तर त्याच्यावरही जेलरच्याच जबाबदाऱ्या येत. तुमच्या आजीचे बालपण क्वार्टर्समध्ये गेले ते या नियमामुळे. याच नियमामुळे हा माणूस तुरुंगाबाहेर झोपला त्या प्रत्येक रात्रीचा एक कागद कधीतरी निर्माण झालेला असणार.

सांजवात

रानजाई, मला दफ्तरातले काही कळत नाही, पण तुमच्या आजीच्या त्या वाक्यापाशी मी अडले. संक्रांतीला तिळगूळ झाला नाही, असे बायका ज्या कारणाने सांगतात त्यांतले पहिले कारण घरात कोणी गेले हे असते. आई किंवा वडील वारले की वर्षभर सण करायचा नाही, ही रीत त्या काळी कडकपणे पाळली जाई. सात-आठ वर्षांच्या मुलीला त्या हिवाळ्यातले घरातले दुःख आणि तुरुंगातली फाशी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कानावर आल्या असतील, आणि पुढे साठ वर्षांनी सांगताना त्या एकमेकींत मिसळल्या असतील. तुमच्या आजीवर अविश्वास दाखवावा असा माझा हेतू मुळीच नाही. तिळगूळ झाला नव्हता हे खरेच असणार. का झाला नाही, एवढेच तपासून पाहा.

त्यासाठी कुलवृत्तांतच उघडा. तुमच्या पणजोबांच्या आईवडिलांच्या मृत्यूची तिथी त्यात दिली असेल. न दिली असेल तर त्या घरी श्राद्ध कोणत्या तिथीला करीत हे विचारा. माणसे जन्मतारीख विसरतात, श्राद्धाची तिथी विसरत नाहीत. शालिवाहन शकाचा इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. ही एका आकड्याची चूक आमच्या घराण्याच्या वृत्तांतात किमान सहा ठिकाणी झालेली आहे. जन्मपत्रिकेचेही तसेच. सरकारी नोकरीत लावलेली जन्मतारीख आणि पत्रिकेतली तिथी जुळतीलच असे नाही, कारण शाळेत नाव घालताना मास्तर सांगतील ती तारीख लागे.

मांडवी

गोव्याच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्याकडे हीच शोधाशोध पोर्तुगीज कागदांत करावी लागते, आणि तेथे एक सोय अशी की सरकारी राजपत्रात, म्हणजे "बोलेतीं ओफिसियाल"मध्ये, हुद्दा लहान असला तरी नेमणूक छापलेली सापडण्याची शक्यता बरीच असते. पणजीच्या पुराभिलेखागारात त्याचे खंड आहेत. माझ्या आजोळचे एक गृहस्थ आग्वाद किल्ल्यातल्या तुरुंगात पहारेकरी होते. गोवा मुक्तीच्या १९४६च्या चळवळीनंतर टी. बी. कुन्हा यांच्यासारख्या नेत्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवले गेले, त्या काळातली त्यांची नोकरी. आमच्याकडेही त्यांच्याविषयी कोणी बोलत नसे. आपला धागा वाचून मी मावशीला प्रथमच त्यांचे पूर्ण नाव विचारले.

थेम्सकाठ

युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन जेलर शोधायचा असेल तर वाट निराळी आहे, कारण त्यांचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांचे चर्चमधले उतारे इलाखावार लंडनला पाठवले जात, आणि ते आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. मराठी कर्मचाऱ्यांविषयी त्यात काही मिळणार नाही. लंडनमध्ये मुंबई सरकारच्या कामकाजाच्या प्रतीही आहेत, पण रानजाई यांना मुंबईतच अधिक मिळेल.

एक वेगळा मुद्दा मात्र मांडावासा वाटतो. अधिकाऱ्याचे आयुष्य त्याने स्वतः लिहिलेल्या अहवालातून वाचता येते, फक्त त्यातल्या आकड्यांवर थांबावे लागते. अंदमानच्या वसाहतीचा पहिला सुपरिंटेंडेंट डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर याचे उदाहरण घ्या. तो आधी आग्र्याच्या तुरुंगाचा प्रमुख होता आणि मार्च १८५८मध्ये दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांचा हिशेब असा आहे : तेथे पोचलेले कैदी ७७३, इस्पितळात मेलेले ६४, पळून गेलेले आणि परत न आलेले १४०, आत्महत्या १, पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल फाशी दिलेले ८७, उरलेले ४८१. बेरीज अगदी चोख जुळते. असा तक्ता मांडणारा हात कसा असेल याचा विचार मी अनेक रात्री केला आहे. वॉकरच्या स्वभावाविषयी कोणी कितीही लिहिले तरी त्या सहा आकड्यांहून अधिक ते सांगू शकणार नाही असे मला वाटते. तुमच्या पणजोबांनीही असेच तक्ते रोज भरले असतील, फार लहान प्रमाणावर. सकाळची मोजणी, संध्याकाळची मोजणी, आजारी किती, कामावर किती.

ओसरी

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा आठवडाभर विचार केला. माझे आजोबा १९३२च्या कायदेभंगात विसापूरच्या तुरुंगात होते. अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या उजाड माळावर तेव्हा शेकडो सत्याग्रही ठेवले होते. आजोबांनी १९५०नंतर शाळेच्या वहीत आपल्या आठवणी उतरवून ठेवल्या. त्या छापलेल्या नाहीत आणि छापण्याचा विचारही नाही, पण रानजाई यांना त्यातला एक भाग द्यावा असे वाटते.

आजोबांनी चक्कीचे काम नाकारले होते. ते लिहितात की एक चष्मा लावणारा कोकणी डेप्युटी त्यांच्याकडे आला, त्याने तीन वेळा तेच विचारले, "काम करणार की नाही?" तिन्ही वेळा नकार मिळाल्यावर त्याने उभ्यानेच नोंद केली. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभे केले आणि सात दिवस दंडाबेडी मिळाली. दंडाबेडी म्हणजे दोन्ही पायांच्या कड्यांमध्ये आडवा लोखंडी दांडा. माणसाला पाय जवळ आणता येत नाहीत, कुशीवर झोपता येत नाही, शौचाला बसताना दुसऱ्याचा आधार घ्यावा लागतो. आजोबांच्या डाव्या घोट्यावर त्याचा वण शेवटपर्यंत होता, मी तो पाहिला आहे. वहीत त्या डेप्युटीविषयी आणखी एकच वाक्य आहे : "लिहिताना त्याने वर पाहिले नाही."

ते तुमचे पणजोबाच होते असे मी म्हणत नाही. विसापूरला एकच डेप्युटी असेल असे नाही, आणि चष्मा लावणारी कोकणी माणसे खात्यात काही कमी नसतील. पण तुम्ही सोलापूरच्या चौघांपाशीच शोध थांबवू नये, एवढी माझी विनंती आहे. तुरुंगातली बहुतेक माणसे फासावर गेली नाहीत. ती चक्की पिसत होती, काथ्या कुटत होती, बेड्या घालून झोपत होती, आणि त्यांच्या रोजच्या दिवसावर या मधल्या अधिकाऱ्यांचेच नियंत्रण होते.

दप्तरदार

ओसरी, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. मी सरकारी कागदांविषयी एवढे लिहिले, पण मराठीत तुरुंगाधिकारी शोधण्याचे सर्वांत समृद्ध साधन हे कैद्यांचे लेखन आहे, हे सांगायचे राहून गेले होते. आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर लिहिले तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. कैद्याला दिवसभर पाहायला दुसरे काय असते? अधिकाऱ्याची चाल, आवाज, किल्ल्यांचा जुडगा, त्याचा बरा दिवस आणि वाईट दिवस, हे सगळे तो बारकाईने टिपतो. त्याची नजर दुखावलेली असते हे ध्यानात ठेवून वाचावे, पण वाचावेच.

याचे एक चांगले उदाहरण अर्देशीर कटेली यांचे. १९३२ साली गांधीजी, सरदार पटेल आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई येरवड्यात एकत्र होते तेव्हा कटेली तेथे जेलर होते, आणि महादेवभाईंच्या रोजनिशीत ते पुन्हा पुन्हा येतात. पुढे १९४२ ते १९४४ या काळात आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेची देखरेख त्यांच्याकडेच होती. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई तेथे वारले, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या, आणि दोन्ही प्रसंगी हा पारशी अधिकारी सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्याच आवारात होता. १९३२ साली येरवड्याचे सुपरिंटेंडेंट असलेले मेजर भंडारी आगाखान पॅलेसच्या काळात तुरुंगखात्याचे इन्स्पेक्टर जनरल होते. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात अशा अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रे तारखेनुसार छापलेली आहेत. कैद्याची पत्रे आणि रोजनिशी शेजारी ठेवली की अधिकाऱ्याच्या नोकरीचा आलेख जवळजवळ महिनावार काढता येतो. डेप्युटी जेलर इतका भाग्यवान नसतो, पण शोधण्याची रीत तीच.

ओसरींच्या वहीतला प्रसंग कायद्याच्या दृष्टीने अगदी अचूक आहे. कैद्याने तुरुंगाचा नियम मोडला की त्याची चौकशी करून शिक्षा ठरवण्याचा अधिकार सुपरिंटेंडेंटचा. बेड्या, हातकड्या, एकांतवास, शिक्षेचा आहार, आणि तीस फटक्यांपर्यंत वेताची शिक्षा, हे सगळे त्याच्या सहीने होई. जेलरने किंवा डेप्युटीने नोंद केली नाही तर बहुधा प्रकरण साहेबापर्यंत जातच नसे. शिक्षा-नोंदवही नावाचे एक स्वतंत्र पुस्तक ठेवणे कायद्याने बंधनकारक होते आणि तुरुंगातल्या या नोंदवह्या जपण्याची जबाबदारी जेलरवर होती. "मी केवळ लिहिले, शिक्षा साहेबांनी दिली" असे म्हणण्याची सोय या रचनेतच होती. ती सोय कोणी किती वापरली, हे त्या माणसापुरतेच ठरवावे लागेल.

रानजाई

दोन महिन्यांनी लिहिते आहे. सर्वांचे, आणि विशेषतः ओसरी यांचे, मनापासून आभार.

सांजवातताई, आपला तर्क खरा ठरला. कुलवृत्तांतात पणजोबांच्या आईच्या नावापुढे "मृत्यू शके १८५२, मार्गशीर्ष वद्य" असे आहे. आपण दिलेल्या हिशेबाने तो डिसेंबर १९३० येतो. तिथीचा आकडा छापताना गळला होता, पण आजीच्या चुलतभावाच्या घरी श्राद्ध नवमीला करीत असत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर त्या गेल्या. महिन्याभराने आलेल्या संक्रांतीला तिळगूळ न होण्याचे कारण घरातच होते, आणि पणजोबांचे जेवणात लक्ष नसण्याचेही.

यानंतर मी ट्रंकेतले कागद पुन्हा एकेक करून वाचले. दप्तरदारकाकांनी चिटोरा टाकू नका असे बजावले होते ते पेन्शनच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेल्या एका कागदामुळे मला पटले. तो रजेचा हुकूम आहे. मातेच्या निधनामुळे व घरच्या मिळकतीच्या कामासाठी ३० दिवसांची हक्काची रजा, १६ डिसेंबर १९३० ते १४ जानेवारी १९३१, मुख्यालय सोडण्यास परवानगी, आणि मागच्या बाजूस शाईने दुसऱ्या अक्षरात, १५ जानेवारीला मध्यान्हपूर्व कामावर रुजू झाल्याची नोंद. म्हणजे १२ जानेवारीला ते येरवड्यात नव्हते. ते रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या गावी होते. आजी आणि तिची आई क्वार्टर्समध्ये राहिल्या होत्या की त्याही गावी गेल्या होत्या, याचा उलगडा आजीच्याच एका जुन्या बोलण्यावरून होतो. त्या पहाटे टोल पडले नाहीत, असे ती सांगत असे. ती तेथे होती. वडील नव्हते.

हा कागद मी वडिलांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "मग हे आजीला माहीत होते का?" मला वाटते, माहीत नव्हते. मुलीला वडिलांची रजा कशी आठवणार? तिला घरातले रिकामे ताट आठवले आणि बाहेरची भयंकर शांतता आठवली. तिने दोन्ही एकत्र जपले.

मुंबईला पुराभिलेखागारात मी चार दिवस बसले. आडनावाखाली काहीही मिळाले नाही. पहिल्या नावाखाली दोन नोंदी मिळाल्या. एक १९१०च्या आसपासची, धारवाडच्या तुरुंगात कारकून म्हणून लागल्याची. दुसरी १९३२ची, येरवड्याहून विसापूरला डेप्युटी जेलर म्हणून झालेल्या बदलीची. त्यांना कुलवृत्तांताने "जेलर" केले ते नातलगांच्या आदरापोटी. पेन्शनच्या पुस्तकातही शेवटचा हुद्दा डेप्युटीच आहे. ते १९४३ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले.

ओसरी, बदलीची तारीख तुमच्या आजोबांच्या वहीतल्या प्रसंगाच्या पाच आठवडे आधीची आहे. तुम्ही सांगितलेत तसे, विसापूरला दुसरेही डेप्युटी होते आणि त्यांतले आणखी एक नाव कोकणातले दिसते. म्हणून मी ते पणजोबाच होते असे लिहिणार नाही. पण ते नव्हते असे समजून सुटकेचा निःश्वासही टाकणार नाही. ज्या तुरुंगात तुमच्या आजोबांना सात दिवस दंडाबेडी पडली, त्या तुरुंगाच्या शिक्षा-नोंदवहीत नोंदी करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी माझे पणजोबा एक होते, इतके निश्चित आहे. सोलापूरच्या चौघांचे ओझे आमच्या घराने नव्वद वर्षे चुकीने वाहिले आणि विसापूरचे कधी वाहिलेच नाही.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी मी लिहिलेला मसुदा खाली देते. आपण सर्वांनी तो तपासावा.

"जन्म शके १८१०. सुमारे १९१० पासून मुंबई इलाख्याच्या तुरुंगखात्यात नोकरी, प्रथम धारवाड येथे कारकून, नंतर येरवडा व १९३२ पासून विसापूर येथे डेप्युटी जेलर. मातोश्रींच्या निधनानंतर १६ डिसेंबर १९३० ते १४ जानेवारी १९३१ या काळात रजेवर गावी होते. १९३२च्या कायदेभंगात विसापूर येथे ठेवलेल्या सत्याग्रहींवर देखरेख करणाऱ्या व त्यांचे शिक्षेचे अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांत यांचा समावेश होता. १९४३ साली सेवानिवृत्त."

"स्वभाव कडक" हे शब्द मी काढले आहेत. ते कोणी आणि कशावरून लिहिले हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

सांजवात

रानजाई, जन्मशक पुन्हा एकदा पत्रिकेवरून पडताळून घ्या. पंचावन्नाव्या वर्षी १९४३ला निवृत्ती म्हणजे सरकारी तारखेने जन्म १८८८चा, आणि तो चैत्रानंतरचा असेल तरच शके १८१० येईल. माघ-फाल्गुनातला असेल तर १८०९ लिहावे लागेल.

ओसरी

रानजाई, मसुदा वाचला. एकच दुरुस्ती सुचवतो. "शिक्षेचे अहवाल लिहिणाऱ्या" ऐवजी "शिक्षेसाठी नोंद करणाऱ्या" असे लिहावे. आजोबांच्या वहीत "नोंद" हाच शब्द आहे. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येणार आहे, तेव्हा वही बरोबर आणीन. छायाचित्र तुम्ही आणाल का? आजोबा आता नाहीत, पण त्यांच्याबरोबर विसापूरला असलेल्या एका सोबत्याच्या घरी तुरुंगातल्या माणसांची पेन्सिलने काढलेली काही चित्रे आहेत, ती आपण दोघांनी शेजारी ठेवून पाहू.

रानजाई

सांजवातताई, पत्रिकेत माघ आहे. शके १८०९ करते. ओसरी, "नोंद" हाच शब्द ठेवते. छायाचित्र घेऊन येईन.